घणसोलीच्या प्लॉटचा सॉइल रिपोर्ट, लिक्विफॅक्शनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ग्रुपवर कोणी जिओटेकवाले असतील तर प्लीज सांगा. खाडीच्या बाजूला आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट होतंय, सॉइल रिपोर्ट आलाय. वर मुरमाची भर, खाली काळा चिखल आणि मग सहा ते आठ मीटरवर बारीक वाळूचा थर, त्यात एन व्हॅल्यू (टेस्टमधल्या हॅमरच्या ठोक्यांचा आकडा, कमी म्हणजे थर सैल) फक्त ७-८ आणि पाणी तर दीड मीटरवरच लागलंय. भूकंपाच्या हादऱ्यांनी अशा सैल वाळूतल्या पाण्याचा दाब वाढला की तिची ताकदच जाते (हेच लिक्विफॅक्शन), २००१ला भुजच्या वेळी कांडला बंदरात हे झालं होतं, आणि आमच्या रिपोर्टमध्ये यावर एक ओळ नाही!

भूकंपाच्या कोडप्रमाणे, म्हणजे आयएस १८९३ (२०१६) प्रमाणे, आमच्या झोन ३ला झोन फॅक्टर ०.१६ धरायचा हे कळलं, पण भूकंपाचं मॅग्निट्यूड किती घ्यायचं? एन व्हॅल्यूला लावायचं हॅमर एनर्जीचं करेक्शन दिलेलं नाही, वाळूत गाळ किती टक्के तेही एकाच सॅम्पलचं, एवढ्यावर लिक्विफॅक्शनचा फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून उपयोग आहे की परत बोअर मारायला लावू?

बिल्डर म्हणतो पाइल (पायाचे खोल खांब) खडकात जाणार, काळजी नको. पण वाळूच सुटली तर पाइलला बाजूने आधार कुठून मिळणार? मीटिंगमध्ये लेखी नेमकं काय मागू?