मदत हवी आहे: मृदू प्रवाळांच्या टाकीत सूक्ष्म घटक किती घालावेत?

खारेपाणी_रत्नागिरी: नमस्कार. माझ्या समुद्री टाकीत लेदर कोरल आणि झेनिया हे दोन मृदू प्रवाळ आहेत. लेदर कोरल आक्रसून बसले आहे आणि झेनियाची हालचालही मंदावली आहे. पाणी तपासले तर कॅल्शियम ३३० आणि मॅग्नेशियम १०४० पीपीएम (दशलक्षात भाग) आले. आयोडीन, स्ट्राँशियम की मिश्र घटक, यांपैकी कोणती बाटली मागवावी एवढेच सांगावे. इकडे पार्सल उशिरा पोहोचते.

किनारा: माझ्या अनुभवात झेनियाला आयोडीन मानवते. मी दर आठवड्याला ल्युगॉलचे, म्हणजे आयोडीनच्या द्रावणाचे, थेंब घालतो आणि झेनिया मागच्या काचेवर चढले आहे.

भरतीओहोटी: न मोजता थेंब सुचवणे पटत नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन लिटरला जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम असते. पाच टक्क्यांच्या ल्युगॉलचा एकच थेंब १०० लिटर पाण्यात जवळपास तेवढीच भर घालतो. टाकी केवढी, पाणी कुठले आणि लवणता किती?

मालवणकर: मालवणच्या खडकांवरून प्रवाळ आणू नयेत. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

खारेपाणी_रत्नागिरी: प्रवाळ दुकानातून घेतलेले आहेत, तो प्रश्नच नव्हता. टाकी २०० लिटरची असून पाणी नेहमीप्रमाणे खाडीच्या मुखाजवळच्या जेटीवरून आणतो. पाणी समुद्राचेच असल्याने लवणता मोजलेली नाही.

भरतीओहोटी: मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ३५ लवणतेच्या, म्हणजे किलोला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या, पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० आणि मॅग्नेशियम १२९० असते. तुमच्याकडे दोन्ही सारख्याच प्रमाणात, म्हणजे पाचव्या हिश्शाने कमी आहेत. प्रवाळांनी कॅल्शियम वापरले असते, तर मॅग्नेशियम इतके घसरले नसते. पावसाळ्यात खाडीचे गोडे पाणी वरच्या थरात राहते आणि बादलीत तेच येते. आयोडीन, स्ट्राँशियमही त्याच हिशेबाने विरळ झालेले असणार. रिफ्रॅक्टोमीटरने (लवणता मोजण्याच्या उपकरणाने) मोजावे आणि रीफ सॉल्ट (प्रवाळांच्या टाकीसाठीचे तयार समुद्री मीठ) वापरून लवणता दिवसाला एका अंकापेक्षा जास्त न वाढवता ३५ पर्यंत न्यावी.

आगरवाडी: एवढे महाग मीठ कशाला? मिठागराचे खडेमीठ विरघळवावे.

भरतीओहोटी: मिठागरात सोडियम क्लोराइडचे खडे तळाशी बसतात आणि मॅग्नेशियमचे क्षार वरच्या कडू पाण्यात राहून जातात. त्या मिठाने लवणता ३५ दिसेल, पण मॅग्नेशियम आहे तिथेच राहील.

खारेपाणी_रत्नागिरी: मित्राच्या रिफ्रॅक्टोमीटरवर २८ आले. रीफ सॉल्ट मागवतो. लेदर कोरलवर मेणासारखा पापुद्राही दिसतो आहे, त्यासाठी काय घालावे?

भरतीओहोटी: काहीही नाही. लेदर कोरल अधूनमधून असा थर टाकतेच. पंपाचा प्रवाह थोडा तिकडे वळवावा.

खारेपाणी_रत्नागिरी: आभारी आहे. मिठाच्या पार्सलसोबत आयोडीनची लहान बाटली मागवली तर चालेल का?

किनारा: अवश्य मागवावी.