डबके दिसत नाही, तरी कूलंट कमी होते: हेड उघडावे का?

सातारा_रोड:

माझ्याकडे २००६ सालची चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी आहे. आजवर १,१२,००० किलोमीटर चालली असून मी ती पुणे ते वाई अशी महिन्यातून दोन-तीनदा नेतो. गेल्या मार्चपासून दर पंधरा दिवसांनी साधारण अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होते, परंतु पार्किंगमधल्या फरशीवर डबके तर सोडाच, ठिपकाही दिसत नाही. शहरात तापमानाचा काटा निम्म्यावर स्थिर असतो; खंबाटकीचा घाट चढताना मात्र एसी चालू असल्यास तो निम्म्याच्या वर सरकतो आणि मला एसी बंद करावा लागतो. पहिल्या गॅरेजमध्ये रेडिएटर गळत असल्याचे सांगितले, म्हणून साडेचार हजार रुपये खर्चून नवा रेडिएटर बसवला. त्यानंतरही पातळी पूर्वीसारखीच उतरते. आता तेच गृहस्थ म्हणतात की गाडी पाणी पिते आहे, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, यांमधला सील) गेले आहे आणि हेड उतरवावे लागेल. त्या कामाचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने बराच आहे. हेड उघडण्यापूर्वी गळती नक्की कुठे आहे, हे शोधण्याचा काही खात्रीचा मार्ग आहे का?

निवृत्त_फिटर:

हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. रेडिएटर बदलण्यापूर्वी गळती प्रत्यक्ष कोणी पाहिली होती का, हे आधी स्वतःला विचारा. ‘बहुतेक हेच असेल’ म्हणून भाग बदलत गेल्यास गाडी नवी होते, पण गळती तिथेच राहते.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा सहसा लपत नाहीत. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरचे झाकण काढून थंड इंजिन सुरू केल्यास तोंडाशी सतत बुडबुडे येतात, किंवा डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात गाडी दोन-दोन किलोमीटरच चालत असेल, तर चांगल्या इंजिनातही ती जमते.

यांपैकी काही नसेल, तर गळती बहुधा बाहेरच आहे. डबके न दिसण्याचे कारण सोपे आहे. बारीक गळती गरम इंजिनावर पडताच तिच्यातले पाणी उडून जाते आणि मागे हिरवट किंवा पांढरट, खडूसारखी पुटी उरते. त्यामुळे ओल शोधू नका, पुटी शोधा. होज पाइपांची टोके, थर्मोस्टॅटचे घर, इंजिनाच्या मागच्या बाजूने जाणारी लोखंडी नळी आणि हीटरचे दोन बारीक पाइप फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीत) शिरतात ती जागा, हे सगळे टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहा. आत डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट ओले लागत असेल आणि काचेवर चिकट धुके धरत असेल, तर हीटरची जाळी (हीटरचा छोटा रेडिएटर) गेली आहे. गाडीखाली डाव्या बाजूला पडणारे स्वच्छ पाणी मात्र बहुधा एसीचे असते. ते बोटांवर चोळून पाहा, कूलंट बुळबुळीत लागते.

डोळ्यांनी सापडले नाही, तर प्रेशर टेस्ट करून घ्या. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावरच ती करावी. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप बसतो. झाकणावर ०.९ (बार) लिहिले असेल तर तेवढाच दाब, म्हणजे साधारण १३ पीएसआय द्यायचा आणि पंधरा मिनिटे पंपावरच्या दाबाच्या काट्याकडे पाहत बसायचे. काटा उतरला तर कुठेतरी कूलंट बाहेर पडते आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे ते उडून न जाता थेंब म्हणून दिसते. गरम इंजिनावर तासभर शोधून जे सापडत नाही, ते असे दहा मिनिटांत सापडते, हा माझा अनुभव आहे.

डेक्कनवासी:

इतका खटाटोप करण्याऐवजी रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकून पाहावी, असे मी सुचवेन. माझे वडील ट्रक चालवत असत आणि रस्त्यात रेडिएटर गळू लागला की ते हेच करीत. आजकाल याच कामासाठी बाटलीतले तयार औषधही मिळते.

घाटमाथा:

हळदीचा उपाय खोटा नाही. वीस किलोमीटरवरचे गॅरेज गाठण्यासाठी तो निश्चित उपयोगी पडतो. मात्र हळदीला किंवा बाटलीतल्या औषधाला गळतीचे छिद्र आणि हीटरच्या जाळीतली बारीक नळी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे जे अरुंद असेल ते सगळे बुजते. नुकताच नवा रेडिएटर बसवलेल्या माणसाने तर ते मुळीच करू नये.

मला दुसरा मुद्दा मांडायचा आहे, तो झाकणाचा. नवा रेडिएटर घेतला तरी झाकण बहुधा जुनेच बसवले जाते. या झाकणाला दोन कामे असतात. गरम असताना ते दाब धरून ठेवते आणि इंजिन थंड होताना त्यातली छोटी झडप उघडून रेडिएटरच्या बाजूच्या, जादा कूलंटच्या बाटलीतले कूलंट परत आत ओढू देते. झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा दुसरीकडून हवा आत येत असेल, तर बाटलीतली पातळी तशीच राहते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. आपण पातळी फक्त बाटलीत पाहत असाल, तर खरी घट आपल्याला कळलेलीच नाही. सकाळी थंड असताना झाकण उघडून आत पाहा. गरम असताना ते कधीही उघडू नका. त्यात हात भाजलेला माणूस मी जवळून पाहिला आहे.

दाबाचे महत्त्व घाटात कळते. पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) निम्मे-निम्मे असलेले मिश्रण ०.९ बारचा दाब असताना सव्वाशे अंशांच्या आसपास उकळते. याउलट कोणी नुसते पाणी भरले असेल आणि झाकण दाब धरत नसेल, तर साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, आणि रेडिएटरचा पंखा साधारण त्याच सुमारास सुरू होत असतो. मग काटा वर जाण्यासाठी गॅस्केट जाण्याची गरज उरत नाही.

सातारा_रोड:

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल आभारी आहे. ‘बाटली पाहता की रेडिएटर’ या प्रश्नाने मला ओशाळवाणे केले, कारण मी सहा महिने फक्त बाटलीच पाहत होतो. झाकण उघडल्यावर कूलंट बोटभर खाली होते आणि झाकणाच्या रबराला एका जागी चीर होती.

काल सकाळी दुसऱ्या गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घेतली. धूर, बुडबुडे, दुधाळ ऑइल यांपैकी काहीच नव्हते. १३ वर नेलेला काटा दहा मिनिटांत ९ वर आला, तरी वरून काहीही ओले दिसेना. तेव्हा तिथल्या मुलाने उजवे पुढचे चाक काढले, आतले प्लॅस्टिकचे आवरण बाजूला केले आणि आरसा खाली धरला. वॉटर पंपाच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे एक भोक आहे, त्याच्या ओठावर एक हिरवा थेंब जमत होता. तो मोठा होऊन सुटायला जवळजवळ मिनिट लागत होते. भोकापासून खाली टायमिंग कव्हरवर पांढरट ओघळाची जुनी रेघ होती आणि ती खालच्या गार्डवर जाऊन संपत होती, म्हणूनच फरशीवर कधी काही पडले नाही. ते भोक एम-सील लावून बुजवता येईल, असे एका शेजाऱ्याने सुचवले आहे. तसे करावे का?

निवृत्त_फिटर:

ते भोक कारखान्यातच मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या आत कूलंट आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक सील असते. ते झिजले की झिरपणारे कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या वाटेने बाहेर पडावे आणि आपल्याला इशारा मिळावा, यासाठी ती सोय आहे. भोक बुजवले तर तेच कूलंट बेअरिंग खाईल आणि पंप एखाद्या दिवशी घाटातच जाम होईल. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्यावर) फिरत असेल, तर पंपासोबत बेल्टचीही काशी होईल, झडपा पिस्टनवर आदळू शकतील आणि मग हेडचे काम खरोखरच निघू शकेल.

पंप बदलताना टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी) त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी मुख्यतः तिथपर्यंत पोहोचण्याचीच असते, ती दोनदा देऊ नये. जुने गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे पडू देऊ नका. झाकण नवे घ्या, आकडा जुन्यावरचाच असू द्या. भरताना बोअरचे पाणी नको. त्यातल्या क्षारांनी जाळ्या बुजतात. तयार मिश्रण किंवा डिस्टिल्ड वॉटर वापरा. गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करा आणि पंखा दोनदा लागेपर्यंत बुडबुडे निघू द्या. जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणानेही दगावतात.

सातारा_रोड:

काम होऊन तीन आठवडे झाले. पंप, बेल्ट, टेन्शनर आणि झाकण मिळून जो खर्च आला, तो हेडच्या अंदाजपत्रकाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. जुना पंप मी मागून घेतला. हाताने फिरवल्यावर त्याचा दांडा किंचित डुलतो आणि आतून खरखर ऐकू येते. बाटलीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे आणि दर रविवारी सकाळी झाकण उघडून रेडिएटरही पाहतो. पहिल्या आठवड्यात पातळी दोन बोटे उतरली, ती उरलेली हवा निघाल्यामुळे असावी असे गॅरेजवाल्याने सांगितले. तेवढी भर घातल्यानंतर ती हललेली नाही. परवा चौघे जण बसून, एसी चालू ठेवून खंबाटकी चढलो. काटा निम्म्यावरच होता.