स्टेशन ब्लॅकआउट : मराठीत काय म्हणावं आणि त्यात काय काय धरावं?

प्रश्न
2011 च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर अणुसुरक्षेचे नियम कसे बदलायला हवेत, यावरच्या मराठी मजकुरात 'स्टेशन ब्लॅकआउट'साठी 'संपूर्ण वीज खंडित होणे' असं लिहिलेलं दिसतं. काही जण 'वीजलोप' म्हणतात. नियमाच्या भाषेत यातलं कोणतं चालेल?

उत्तर 1
'संपूर्ण' नको. त्या शब्दाने नियमाचा अर्थच बदलतो. स्टेशन ब्लॅकआउट म्हणजे अणुवीज केंद्राचा एसी (ग्रिड किंवा जनरेटरकडून येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचा) पुरवठा सगळा जाणं. बाहेरच्या ग्रिडची लाइन गेली आणि तातडीचे डिझेल जनरेटरही बंद पडले, तर तो ब्लॅकआउट. बॅटरीवरची डीसी वीज या व्याख्येत चालू धरलेली असते. मापकं वाचायची, झडपा उघडायच्या, ते त्याच विजेवर.

जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात 11 मार्च 2011 ला नेमकं हेच गृहीत कोसळलं. भूकंपाने ग्रिड गेली, जनरेटर सुरू झाले आणि पाऊण-एक तासाने आलेल्या त्सुनामीने बहुतेक जनरेटर आणि स्विचबोर्ड (केंद्रभर वीज वाटणारे फलक) पाण्याखाली घातले. युनिट (म्हणजे एकेक भट्टी) 1, 2 आणि 4 मध्ये डीसीसुद्धा गेली. युनिट 3 च्या बॅटऱ्या थोड्या उंचावर होत्या, म्हणून तिथे आणखी दीडेक दिवस हातात काही राहिलं. नियमात या दोन अवस्थांना दोन वेगळी नावं हवीत. 'सर्व एसी वीज जाणे' आणि 'एसी-डीसी दोन्ही जाणे' इतकं सरळ लिहिलं तरी पुरे.

उत्तर 2
सहमत. पण नावाइतकाच मुदतीचा शब्द महत्त्वाचा. जपानच्या अणुसुरक्षा आयोगाच्या 1990 च्या मार्गदर्शक सूचनेत म्हटलं होतं की दीर्घकाळच्या ब्लॅकआउटचा वेगळा विचार करण्याची गरज नाही, कारण लाइन किंवा जनरेटर दुरुस्त होतील अशी अपेक्षा धरता येते. प्रत्यक्षात हिशेब अर्ध्या तासाचा धरला जाई. ही सवलत का योग्य आहे, याची कारणं 1992 मध्ये आयोगाच्या कार्यगटाने वीज कंपन्यांकडूनच लिहून मागवली होती. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातात लेखणी दिली, तर नियामक फक्त शिक्का मारणारा उरतो. त्यावर जपानची अणुसुरक्षा तपास संस्था उद्योगखात्याच्या पोटात होती आणि अणुवीज वाढवणं हेही त्याच खात्याचं काम. 2012 मध्ये ती मोडून वेगळं प्राधिकरण नेमावं लागलं.

अमेरिकेच्या 1988 च्या नियमात निदान तास मोजलेले होते. बहुतेक केंद्रांना 4 किंवा 8 तास तग धरायचा होता. 2012 च्या आदेशाने मुदतीची मर्यादाच काढून टाकली. आधी केंद्रात बसवलेली साधनं, मग आवारात ठेवलेली हलवती साधनं, मग बाहेरून येणारी मदत, असे तीन टप्पे पडले.

प्रश्न
पण अणुभट्टी तर भूकंप होताच आपोआप बंद झाली होती ना? मग तास इतके निर्णायक का?

उत्तर 1
'बंद' म्हणजे विखंडनाची (अणू फुटण्याची) साखळी थांबली, एवढंच. इंधनात साचलेली किरणोत्सारी द्रव्यं विघटन पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद झाल्या क्षणी ती पूर्ण औष्णिक शक्तीच्या साधारण 6 ते 7 टक्के असते, तासाभराने दीडेक टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. युनिट 1 ची औष्णिक शक्ती 1380 मेगावॅट. अर्धा टक्का म्हणजे सुमारे 7 मेगावॅट, आणि तेवढी उष्णता फक्त वाफेवाटे काढायची तर तासाला 10 टन पाणी लागतं. हे पाणी कोणत्या टाकीतून, कोणत्या पंपाने, कोणत्या नळीतून येणार, ते नियामकाने आकड्यात विचारायचं असतं.

नुसता अग्निशमन पंप दाखवून भागत नाही. भट्टीतला दाब 70 बारच्या घरात (1 बार म्हणजे साधारण हवेचा दाब), अग्निशमन पंपाचा 10 बारच्या आसपास. आधी दाब उतरवायला हवा. त्या झडपांना डीसी आणि दाबाखालचा वायू, दोन्ही लागतात. डीसी गेली की पंप दारात उभा असूनही पाणी आत जात नाही. फुकुशिमात गाड्यांच्या बॅटऱ्या काढून जोडाव्या लागल्या त्या याचसाठी. शिवाय ढकललेल्या पाण्यातलं काही जोडवाटांनी भलतीकडेच वळलं, हे नंतरच्या तपासात दिसलं.

उत्तर 3
'पर्यायी साधन' या शब्दाबद्दलही लिहायला हवं. दाइइचीत हवेने थंड होणारे दोन जनरेटर वेगळ्या इमारतीत होते आणि ते बुडाले नव्हते. पण त्यांचे स्विचबोर्ड तळघरात होते, म्हणून ते निरुपयोगी ठरले. युनिट 6 चा तसाच एक जनरेटर मात्र स्विचबोर्डासकट वाचला आणि त्याच्यावर 5 व 6 दोन्ही युनिटं तरली. पाच जनरेटर एकाच पाण्यात बुडणार असतील तर नियमात ते एकच धरायला हवेत. म्हणून 'पर्यायी'पुढे 'वेगळ्या उंचीवर, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या थंड करण्याच्या पद्धतीचे, आणि स्विचबोर्ड व केबलसह' असं लिहा. लांबेल, पण लांबू द्या.

ब्लॅकआउट फक्त समुद्रकिनाऱ्यावरच होतो असंही नाही. 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन पेटला, आगीत केबली जळाल्या आणि सुमारे 17 तास ब्लॅकआउट राहिला. तिथे डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी वाफजनित्रांत पाणी सोडून गाभा थंड ठेवला गेला. मुख्य आणि राखीव केबली एकाच वाटेने नेल्या की काय होतं, हे आपल्याकडे तेव्हाच दिसलं होतं.

प्रश्न
मग मसुद्यात 'पुरेशी तरतूद असावी' हे वाक्य ठेवावं का?

उत्तर 2
'पुरेशी' काढा. तास, टन, बार आणि मीटर लिहा. जोडणीची तोंडं कोणत्या मापाची, केबल किती लांब, ती अंधारात आणि ढिगाऱ्यातून किती माणसं किती वेळात ओढणार, हेही लिहा. दाइइचीत वीज देणारी गाडी पोचली होती. युनिट 2 च्या स्विचबोर्डाला केबल जोडून होतेय तोच 12 मार्चला दुपारी युनिट 1 मध्ये हायड्रोजनचा स्फोट झाला आणि ती केबल तुटली. तेव्हा जोडणीच्या जागा इमारतीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन हव्यात, आणि सराव सगळी युनिटं एकदमच अडचणीत आहेत असं धरून घ्यावा.