मदत हवी आहे: टीएनएमध्ये दुरुस्तीची सोय नक्की कुठे मोजायची?

नमस्कार मंडळी,

विकसनशील देश हवामानबदलासाठीचं तंत्रज्ञान निवडताना ‘तंत्रज्ञान गरज मूल्यांकन’ (टीएनए) करतात, त्यावर टिपण लिहितेय. एका ठिकाणी गाडं अडलंय.

क्षेत्रं ठरवायची, तंत्रज्ञानांची यादी करायची, संबंधितांना एकत्र बसवून खर्च, उत्सर्जनातली घट, रोजगार अशा निकषांवर गुण द्यायचे. निकषांना भारांक (कोणत्या निकषाला किती महत्त्व ते सांगणारा आकडा) असतात. जे वर येईल त्याच्या वाटेतले अडथळे शोधायचे, मग कृती आराखडा. इथवर ठीक.

आता सौरपंप घ्या. डिझेल वाचतं, उत्सर्जन घटतं, म्हणून गुण भरघोस. पण कंट्रोलर बिघडला आणि सुटा भाग मिळाला नाही की पंप नुसता उभा. (शिवाय चालवायला खर्च नाही म्हणून उपशाला धरबंध राहत नाही, तो वेगळाच विषय.) दुरुस्तीचा मुद्दा निकषांत घ्यावा की अडथळ्यांत? दोन्हीकडे घेतला तर एकाच दोषाचे गुण दोनदा कापल्यासारखं होतं. नुसता अडथळ्यांत घेतला तर निवड आधीच होऊन गेलेली असते. माझा कल निकषांकडे आहे. पण बैठकीला अधिकारी आणि सल्लागारच बसले, तर मेकॅनिकच्या अडचणीला भारांक कोण देणार?

दुसरं, सीटीसीएनबद्दल (क्लायमेट टेक्नॉलॉजी सेंटर अँड नेटवर्क). 2010 साली कानकुनच्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत ठरलेल्या तंत्रज्ञान यंत्रणेचा हा भाग, सचिवालय कोपनहेगनला. तिथून तज्ज्ञांची मदत मिळते, यंत्रं घ्यायला पैसे नाहीत, एवढं कळलं. मग मेकॅनिकांचं प्रशिक्षण अशा अर्जात बसतं का? आणि अर्ज फक्त सरकारनेच लिहायचा असतो का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

निकषांतच घ्या, पण ‘दुरुस्तीची सोय’ असं मोघम नको. ‘सुटा भाग मिळायला किती दिवस लागतात’ असं मोजता येईल ते लिहा. अडथळ्यांच्या टप्प्यावर प्रश्न निराळा असतो: इतके दिवस का लागतात? आयात शुल्क, विक्रेत्यांचं जाळं की शिकलेली माणसंच नाहीत? त्यामुळे दोनदा मोजणं होत नाही.

भारांकांवर विश्वास नसेल तर ते थोडे हलवून गणित पुन्हा करा. क्रम लगेच बदलला तर ती निवड कच्ची, तसं टिपणात स्पष्ट लिहा.

प्रशिक्षण बसतं. अर्ज संस्था, विद्यापीठंही तयार करू शकतात. पुढे मात्र तो देशाच्या एनडीईमार्फतच (सीटीसीएनशी व्यवहारासाठी सरकारने नेमलेलं कार्यालय) जातो, म्हणून मसुदा त्यांना आधीच दाखवा.