ट्रकचा आवाज खोल करायचाय. बायको म्हणते, डोकं फिरलंय

ट्रकवाला फ्रिस्को

मंडळी, टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. दिवाळीत जुनी सेडान काढली आणि शेवरोलेची सिल्व्हराडो १५०० पिकअप घेतली, ५.३ लिटरची व्ही-८ (चार-चारच्या दोन ओळींत आठ सिलिंडर), ३५५ हॉर्सपॉवर. पंचविशीपासून मनात होती, पंचेचाळिशीत आली. पण सुरू केली की आवाज वॉशिंग मशीनचा. कंपनीने मुद्दाम शांत ठेवलाय हे कळतं, सगळ्यांना खपवायची असते. मला मात्र बोनेटखाली वाघ आहे आणि तो म्यांव करतोय असं वाटतं.

मफलरच्या (तिकडचा सायलेन्सर) दुकानात गेलो. पोराने तीन वाटा सांगितल्या. मफलर कापून सरळ पाइप, दीडशे डॉलर. आत कप्पे असलेला चेंबरचा मफलर, चारशेच्या आसपास. नाहीतर अख्खी कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) तसाच ठेवून त्याच्या मागचं सगळं नवं, बाराशेच्या घरात.

माझं म्हणणं एवढंच, की खोल आवाज आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला डग्ग्याचा घुमारा हवाय, ताशाचा कडकडाट नको. साताऱ्यात मामाची बुलेट गल्लीच्या तोंडाशी आली की आजी चहाचं आधण ठेवायची. त्या आवाजाने कोणाचं काही बिघडल्याचं मला आठवत नाही.

बायको म्हणते, मिडलाइफ क्रायसिस. तुमचं काय म्हणणं?

रात्रपाळी

विरोध. सरळच लिहिते.

मी ह्यूस्टनला नर्स आहे, संध्याकाळी सात ते सकाळी सात. घरी येऊन, आंघोळ करून साडेआठला पडते. समोरच्या घरातला मुलगा साडेनऊला ट्रक काढतो. त्याचाही 'खोल' आवाज आहे, 'मोठा' नाही. खिडकीला काळे पडदे आहेत, कानात बोळे आहेत, तरी टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलतं. झोपेत आधी छातीत काहीतरी गुरगुरतं, मग जाग येते.

तुमची डग्ग्याची उपमा फारच चपखल आहे, फक्त उलट्या बाजूने. गणपतीत चार गल्ल्यांपलीकडच्या डीजेवर गाणं कुठलं लागलंय ते घरात कळतं का? नाही. धम-धम तेवढी कळते. भिंतीतून ताशा येत नाही हो, डग्गाच येतो.

आणि आजी चहा ठेवायची ते ठीक. शेजारचे काय करायचे, विचारलंत कधी?

नळकांडं

रात्रपाळीताईंच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे, म्हणून आधी तोच देतो. (मेकॅनिकलवाला आहे, शिवाय हात काळे करायची हौस. माझ्याकडेही व्ही-८ आहे आणि ती बदललेली आहे, तेव्हा मी तटस्थ नाही.)

आवाज मोजायचं नेहमीचं एकक डीबीए. त्यातला 'ए' माणसाच्या कानाप्रमाणे वजन देतो, म्हणजे खालचे सूर कमी धरतो. १२५ हर्ट्‌झला सुमारे १६ डेसिबल वजा, ६३ हर्ट्‌झला २६. त्यामुळे खोल आवाजाचा ट्रक मीटरवर गरीब गाय दिसतो आणि समोरच्या घरात ग्लास हलतो. दोन्ही खरं.

आता ट्रकवाल्यांची बाजू. अमेरिकन व्ही-८ची गुरगुर हा नुसता गोंगाट नाही, त्याला ताल आहे. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा; तो दर ९० अंश फिरला की आठांपैकी एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो, पण एका बाजूचे चारच ऐकले तर अंतर कधी ९०, कधी १८०, कधी २७०. मध्येच दोन ठोके जवळ, मग जरा दम. अडखळत चालणारा हा ठेका क्रँकच्या आकारातून येतो. कंपनीचा मफलर तो पुसून टाकतो. तो ऐकावासा वाटण्यात वेडेपणा काही नाही.

सरळ पाइप मात्र लावू नका. दीडशे डॉलरांत सगळे सूर बाहेर येतात, चांगले आणि फाटकेही. शिवाय मफलर चालू स्थितीत असला पाहिजे आणि बायपास नको, असं टेक्सासच्या वाहतूक कायद्यात आहे. २०२५पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली म्हणून लोक सुटलेत, पण नियम गेलेला नाही. कन्व्हर्टरला तर हातच नको. तो काढणं क्लीन एअर ॲक्टखाली देशभर बेकायदा आहे आणि डॅलसच्या आसपास धुराची चाचणी अजून होते.

आणि 'बॅकप्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) हवं, नाहीतर टॉर्क (ओढायचा जोर) जातो' असं दुकानात कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरा. हवा असतो तो वायूंचा वेग. फार जाड पाइप घातला की तो मंदावतो. ताकद वाढेल ही आशाही नको, मागचा भाग बदलून फार तर चिमूटभर मिळते.

पेठेतला

इकडे नाना पेठेत बुलेटला नवा सायलेन्सर बसवून मिळतो आणि पुढे चौकात पोलीस तो काढून घेतात. मग सगळे एका रांगेत मांडून वरून रोड रोलर, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. अमेरिकेत रोलरची सोय आहे का?

मोकळा माळ

आला पुण्याचा टोमणा.

मी ऑस्टिनच्या बाहेर दीड एकरात राहतो आणि माझा ट्रक गुरगुरतो. इथे दर शनिवारी सकाळी आठला शेजारी लीफ ब्लोअर घेऊन अर्धा तास पानं इकडून तिकडे करतो. त्याला कोणी असंस्कृत म्हणत नाही, कारण ते 'काम' आहे. मी आयुष्यभर कर्ज फेडून एक आवडीची वस्तू घेतली आणि ती दिवसातून दोन मिनिटं ऐकू आली, की लगेच शेजारधर्म?

आपल्या लोकांना कुठल्याही हौसेचं कारण द्यावं लागतं. स्वयंपाकघरावर तीस हजार डॉलर घातले तर 'रीसेल व्हॅल्यू'. ट्रकवर बाराशे घातले तर क्रायसिस. लावा हो ट्रकवाले.

रात्रपाळी

दीड एकर असतं तर मीही हेच लिहिलं असतं. फ्रिस्कोत दोन घरांत किती अंतर असतं ते मूळ लेखकाने सांगावं.

परत आलेला

मी लावून काढलाय, म्हणून लिहितो.

चेंबरचा मफलर बसवला. पहिला आठवडा स्वर्ग. गॅरेजमधून बाहेर काढताना काच खाली करायचो, कारण नसताना. मग थँक्सगिव्हिंगला डॅलसहून ह्यूस्टनला निघालो, साधारण चार तास, मागे दोन पोरं. सत्तर मैलांच्या वेगाला गाडी १८०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आसपास येते आणि तिथे केबिनमध्ये घूंऽऽ सुरू होतं. मोठं नसतं, पण थांबत नाही. पाण्याच्या टाकीत डोकं घालून बसल्यासारखं. कोर्सिकानाला पोहोचेपर्यंत धाकटी म्हणाली, बाबा, माझे दात वाजतायत. बायको काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट.

जानेवारीत जुना मफलर परत बसवला. एकच सल्ला: काढलेला मफलर दुकानात टाकून येऊ नका. गॅरेजात जपून ठेवा.

नळकांडं

याला ड्रोन म्हणतात. हिशोब सोपा आहे. आठ सिलिंडरला क्रँकच्या एका फेरीत चार स्फोट. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणून १२० हर्ट्‌झ. तोच सूर केबिनच्या पोकळीला लागला की झालं.

उपाय आहे. मुख्य पाइपला एक आंधळी नळी जोडायची, पुढचं टोक बंद. लांबी त्या सुराच्या तरंगाच्या पाव. गरम पाइपात ध्वनीचा वेग सेकंदाला ४५०-५०० मीटर धरला तर १२० हर्ट्‌झसाठी मीटरभर नळी. आवाज आत जातो, टोकाला आपटून परत येतो तेव्हा नेमका उलटा झालेला असतो, आणि तो सूर स्वतःलाच खातो. बाकीचे बहुतेक सूर तसेच राहतात.

मेख अशी, की सिल्व्हराडोत पेट्रोल वाचवायला हायवेवर काही सिलिंडर बंद होतात. चारच चालू असले की सूर ६० हर्ट्‌झवर उतरतो, त्याला दोन मीटरची नळी लागेल. एकीने भागत नाही.

दूधगाडी

सांगलीकडून. आमच्याकडे बोलेरो पिकअप, पहाटे चारला दूध गोळा करायला निघते. भाच्याने पुढच्या भागातून काहीतरी काढून आवाज 'बास' करायचा घाट घातला होता. चार सिलिंडरचं डिझेल, त्यात टर्बो (धुराच्या जोरावर फिरणारा पंखा). टर्बोच निम्मा आवाज गिळतो, उरतो तो फाटक्या पत्र्याचा. तीन दिवसांत गवळीच म्हणाले, सायलेन्सर फुटलाय का? पूर्वीसारखं करून घेतलं. ज्या इंजिनात गाणं नाही त्याला भोंगा लावून काय उपयोग.

तुमच्या व्ही-८ मध्ये आहे म्हणता, तर ऐका बापडे. पण पहाटे चारला नको.

ट्रकवाला फ्रिस्को

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. रात्रपाळीताई, अंतर विचारलंत. काल टेपने मोजलं. माझ्या ड्राइव्हवेपासून शेजाऱ्यांची बेडरूमची खिडकी एकवीस फूट.

आज सकाळी आणखी एक केलं. मी आमच्या बेडरूममध्ये पडून राहिलो आणि बायकोला ट्रक सुरू करायला लावला. अजून कंपनीचाच मफलर आहे. तरी पहिला मिनिटभर, कन्व्हर्टर तापेपर्यंत आरपीएम चढलेला असतो तेव्हा, भिंतीतून येतंच. इतके दिवस मी स्टिअरिंगच्या मागे बसून ऐकत होतो. तिथे पहिलं मिनिट सीटबेल्ट लावण्यात जातं.

हौस गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. चेंबरचा बाद. सरळ आरपार नळीचा, भोवती काचतंतू भरलेला लांब मफलर आणि मागे एक रेझोनेटर (नको ते सूर मारणारा डबा), असं ठरतंय. जुना गॅरेजात. मामाला फोन केला, शेजारी काही म्हणायचे का विचारलं. म्हणाला, "समोरचे मास्तर रोज म्हणायचे. आजीच त्यांना चहा पाठवायची."

रात्रपाळी

म्हणजे मास्तरांना चहावर गप्प बसवलं.

माझा विरोध कायम. पण गादीवर पडून ऐकलंत, तेवढं समोरच्या मुलाने केलं असतं तरी पुष्कळ होतं. लावलात तर शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि गाडी उभी ठेवून तापवत बसू नका. सुरू केली की हळू निघायचं.

ट्रकवाला फ्रिस्को

कबूल. नळकांडं, मफलर १८ इंची घेऊ की २४?

नळकांडं

२४. खाली तेवढी जागा आहे का ते आधी मोजा, स्पेअर व्हील तिथेच असतं.