सी भाषा शिकवताना वर्ग पॉइंटरपाशी थांबतो. नेमके कोठून सुरू करावे?

प्रश्न: अधिव्याख्याता, संगणक अभियांत्रिकी पदविका

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला सी भाषेतील प्रोग्रॅमिंग शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुले-मुली दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत, आणि त्यांचे गणित अजिबात कच्चे नाही. पहिले सात-आठ आठवडे सारे सुरळीत चालते: प्रात्यक्षिकाच्या वह्या वेळेवर तपासून होतात, पडद्यावरचे आउटपुट वहीशी जुळते, तोंडी परीक्षेत व्याख्याही अचूक सांगितल्या जातात. पण दोन संख्यांची अदलाबदल करणारे फंक्शन (एक ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा भाग) लिहायची वेळ आली की वर्ग थांबतो. फंक्शनच्या आत अदलाबदल झालेली दिसते, मेनमध्ये, म्हणजे मुख्य फंक्शनमध्ये, परतल्यावर मात्र ए मध्ये ५ आणि बी मध्ये ७ जसेच्या तसे राहतात. असे का झाले, हे विचारल्यावर "मॅडम, तिथे स्टार द्यायचा असतो" एवढेच उत्तर मिळते. हा स्टार (*) पॉइंटरचा, म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलच्या मेमरीतील जागेचा क्रमांक (ॲड्रेस) ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा.

पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता, हे उदाहरण मी दरवर्षी देते. मुले ते ऐकून मान डोलावतात आणि पुढच्या तासाला पुन्हा स्टार कोठे द्यायचा हेच विचारतात. गेल्या चाचणीत मी प्रोग्रॅम लिहायला न सांगता पाच ओळींचा एक लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) फळ्यावर लिहिला आणि शेवटी व्हेरिएबलमध्ये कोणती किंमत असेल एवढेच विचारले. जवळजवळ निम्म्या वर्गाला ते सांगता आले नाही. स्वतःच्या वहीत असे वीस लूप लिहिलेल्या मुलांना एक लूप वाचता येत नाही, हे पाहून मला माझ्याच शिकवण्याची काळजी वाटू लागली आहे. पॉइंटर वेगळ्या रीतीने शिकवावा, की मुळात संज्ञाच मराठीतून द्याव्यात? अनुभवी शिक्षकांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक

मॅडम, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या चाचणीतच आहे. अडचण पॉइंटरच्या धड्यात दिसत असली, तरी ती पहिल्या आठवड्यात निर्माण झालेली असते. शाळेत अनेक वर्षे मुलांनी बरोबरचे चिन्ह एकाच अर्थाने वाचलेले असते, की डावी बाजू आणि उजवी बाजू समान आहेत. त्या अर्थाने 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' हे विधान सरळसरळ खोटे आहे, आणि चांगले गणित येणाऱ्या मुलालाच ते अधिक खटकते. आपण मात्र ते फळ्यावर लिहून पुढे जातो. मी शेवटची दहा-बारा वर्षे वर्गात या ओळीचे वाचनच बदलून टाकले होते: "एक्समध्ये आत्ता जे आहे त्यात एक मिळवा, आणि आलेली संख्या पुन्हा एक्समध्ये ठेवा." उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येकाने मोठ्याने. हे वाचन अंगवळणी पडेपर्यंत मी लूपला हात लावत नसे.

दुसरी गोष्ट ड्राय रनची, म्हणजे प्रोग्रॅम कागदावर हाताने चालवून पाहण्याची. आपल्याकडे ड्राय रन परीक्षेपुरता उरला आहे. तो रोजचा सराव असायला हवा. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखायचा, एकेक ओळ वाचत किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहायची, आणि शेवटचे आउटपुट कागदावर लिहून झाल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही, असा माझा लॅबमधला नियम होता. आपल्या वर्गात जे दिसले ते जगभर दिसलेले आहे: २००१ आणि २००४ मध्ये अनेक देशांतील संस्थांनी मिळून केलेल्या दोन अभ्यासांत हाच प्रश्न समोर आला होता, आणि दुसऱ्या अभ्यासाने तर लहानसा प्रोग्रॅम हाताने चालवून पाहणेही पुष्कळ विद्यार्थ्यांना जमत नसल्याचे दाखवून दिले.

अंदाज चुकल्यावर जे शिकणे होते त्याचे एक उदाहरण देतो. क्रमगुणिताचा (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम इंट, म्हणजे पूर्णांक ठेवणारा प्रकार, वापरून लिहायला सांगा आणि १२ व १३ या दोन्ही संख्यांची उत्तरे आधी हाताने काढायला लावा. १२ चे ४७,९०,०१,६०० हे उत्तर बरोबर येईल. १३ चे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे, पण आजच्या बहुतेक संगणकांवर १,९३,२०,५३,५०४ छापून येते, कारण चार बाइटच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. कंपायलर (आपला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर) एका शब्दानेही तक्रार करत नाही आणि उत्तर दिसायलाही खरे वाटते. आपल्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर हा प्रयोग ८ वरच होतो: तेथे इंट दोन बाइटचा, मर्यादा ३२,७६७, म्हणून ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ येतात. व्हेरिएबल म्हणजे ठरावीक मापाची जागा आहे, हे मुलाला येथे पहिल्यांदा खरे कळते. जागा कळली की त्या जागेला क्रमांक असतो हे सांगणे अवघड जात नाही, आणि पॉइंटर म्हणजे तो क्रमांक ठेवलेली दुसरी जागा.

उत्तर २: सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

मी स्वतः मराठी माध्यमातून पदविकेला आलेला विद्यार्थी होतो, म्हणून संज्ञांबद्दल लिहितो. पॉइंटर, ॲरे, लूप हे शब्द तसेच ठेवावेत, कारण पुस्तकात, कंपायलरच्या संदेशात आणि पुढे मुलाखतीत तेच भेटतात. पण त्या शब्दांच्या भोवतीचे सगळे स्पष्टीकरण, शंका आणि वाद मराठीतच व्हावेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली तेव्हा बहुतेक चर्चा पारिभाषिक शब्दांवरच झाली, असे मला वाटते. मला वर्गात अडवले होते ते शब्दांनी नव्हे, तर प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल या भीतीने.

एररच्या संदेशांचे वाचन मात्र वेगळे शिकवावे लागते, आणि ते मला कोणीच शिकवले नाही. 'एक्स्पेक्टेड सेमीकोलन बिफोर रिटर्न' असा संदेश आला की मी संदेशात दिलेल्या ओळीवर चूक शोधत बसे. ती चूक वरच्या ओळीच्या शेवटी असते, आणि कंपायलरला ती पुढचा शब्द वाचल्यावरच कळते, हे मला दुसऱ्या वर्षात एका मित्राकडून समजले. मॅडम, एक पूर्ण प्रात्यक्षिक केवळ मुद्दाम बिघडवलेल्या प्रोग्रॅमवर घ्यावे, ही माझी विनंती आहे. ज्यांना तासाला बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सी भाषेचे मराठी पाठ सुचवता येतील; पाठ लहान असल्यामुळे ते थांबवून, सोबत स्वतः टंकून शिकता येते.

उत्तर ३: शिक्षिका, नाशिक जिल्हा

घराच्या पत्त्याचे उदाहरण मीही सोडून दिले. पत्ता सांगून झाल्यावर त्या पत्त्याने पुढे काय करायचे, हे त्यातून दिसत नाही. माझ्या वर्गात शेतकरी कुटुंबांतील मुले अधिक असल्यामुळे मी सातबारा वापरते. उतारा म्हणजे जमीन नव्हे, पण उताऱ्यावरच्या गट क्रमांकावरून जमिनीपर्यंत पोहोचता येते. शेताचा फोटो देऊन कोणाला बांध घालायला सांगितले, तर तो फोटोवर रेघ मारून देईल. खऱ्या शेतात बांध हवा असेल तर गट क्रमांकच द्यावा लागतो. स्वॅप फंक्शनला ए आणि बी दिले म्हणजे फोटो दिले, त्यांचे ॲड्रेस दिले म्हणजे गट क्रमांक दिले. कीबोर्डवरून संख्या वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँडचे चिन्ह (&) का लागते, हेही येथेच उलगडते: वाचलेली संख्या कोठे नेऊन ठेवायची, हे त्याला सांगावे लागते. पुढे फ्री, म्हणजे मेमरीतील जागा परत करणारे फंक्शन, शिकवताना हाच धागा उपयोगी पडतो, कारण जमीन विकली तरी जुना उतारा घरात राहतो आणि त्याच्या भरवशावर नांगर घेऊन गेल्यास भांडण होते.

हे उदाहरण ॲरेपाशी, म्हणजे एकाच प्रकारच्या ओळीने लागलेल्या जागांपाशी, संपते, आणि तेथे ते ओढूनताणून वापरू नये. पॉइंटरमध्ये एक मिळवला की तो पुढच्या इंटवर, म्हणजे चार बाइट पुढे जातो. ते आलेख कागदावर चार-चार चौकटी रंगवून दाखवावे. जेथे इंटरनेट आहे तेथे पायथन ट्यूटर हे संकेतस्थळही उघडावे. नावात पायथन असले तरी त्यावर सी चालते, आणि एकेक ओळ पुढे सरकताना मेमरीतील जागा व बाण पडद्यावर दिसतात. मी मात्र मुलांनी तो बाण आधी वहीत काढल्याशिवाय पुढचे बटण दाबू देत नाही.

प्रश्नकर्त्या अधिव्याख्यातांचे पुढील निवेदन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांनी सांगितलेला क्रमगुणिताचा प्रयोग मी काल एका बॅचला दिला. १३ चे उत्तर चुकल्यावर मुलांनी आधी स्वतःचा गुणाकार तीन वेळा तपासला, मग माझा, आणि संगणक चुकला असेल ही शक्यता सर्वांत शेवटी मांडली. त्या तासाला आम्ही ठरलेले प्रात्यक्षिक पूर्ण करू शकलो नाही. सातबाऱ्याचे उदाहरण अर्ध्या वर्गाला लगेच पटले. शहरातील मुलांना आधी सातबारा म्हणजे काय हे सांगावे लागले, आणि ते काम गावच्या मुलांनीच केले.

माझी एक अडचण उरली आहे. रोज ड्राय रन घ्यायचा तर ठरलेल्या प्रात्यक्षिकांपैकी काही मागे पडतील, आणि वह्या तर सगळ्या तपासून द्याव्याच लागतात. सर, आपण वेळ कसा काढत होता?

उत्तर १ कडून पुन्हा

वहीतील छापील आउटपुटच्या जागी मी ड्राय रनचा तक्ता घेत असे आणि त्यालाच गुण देत असे. प्रात्यक्षिकांची संख्या तीच राहिली. वहीत प्रोग्रॅमची हस्तलिखित नक्कल करण्यात जाणारा वेळ तेवढा वाचला. आधी विभागप्रमुखांशी बोलून घ्यावे, कारण बाहेरून येणारे परीक्षक आउटपुटचे पान शोधतात.