सिस्टरना आधी काय हवं, अधिकार की हाताखाली माणसं?

रातपाळी_सातारा: मी स्टाफ नर्स, आधी साताऱ्यात एका खाजगी हॉस्पिटलला होते, आता इंग्लंडमध्ये. आपल्या मुली नुसत्या पगारापायी बाहेर जात नाहीत हे माझं ठाम मत. साताऱ्यात रात्री दोनला पेशंटला १०२ ताप, नातेवाईक अंगावर येतायत, आणि एका पॅरासिटामॉलसाठी मी आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, फोन लावत बसलेय, तो ऑपरेशन थिएटरमध्ये. काय द्यायचं ते माहितीये पण ऑर्डर नाही! इथे वेगळा कोर्स केलेली नर्स २००६ पासून जवळपास सगळी औषधं स्वतः लिहून देऊ शकते, राउंडला कन्सल्टंट आमचं मत विचारतात. कामाचं समाधान मिळतं ते यातून.

इन्चार्ज_ताई: मग तुमच्या त्याच इंग्लंडात डिसेंबर २०२२ ला नर्सेस संपावर का गेल्या? रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही नर्सेसची १९१६ ची संघटना, इंग्लंडमध्ये असा संप तिने पहिल्यांदाच केला, आणि तो पगारासाठीच. अधिकार होते ना? आमच्या सरकारी वॉर्डात चाळीस बेड, खाली गाद्या टाकलेल्या त्या वेगळ्या, नाइटला मी आणि एक नवीन मुलगी. नॉर्म, म्हणजे ठरवून दिलेलं प्रमाण, म्हणतो टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स. तिच्यावर आता औषधं लिहायचंही टाकायचं? कॅलिफोर्नियाने २००४ पासून कायद्यानेच आकडा बांधून दिला, आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स. आधी ते करा.

कोकणी_डॉक्टर: ताईंशी सहमत. शिवाय अधिकार दिला आणि उद्या केस झाली तर मॅनेजमेंट आधी हात वर करतं, सिस्टर एकटी पडते. कायद्याचं संरक्षण नसताना अधिकार म्हणजे तिच्या गळ्यात फास.

रातपाळी_सातारा: डॉक्टर, संरक्षण द्याच, ते मी नाकारत नाही. पण केरळात २०१७ ला खाजगी हॉस्पिटलच्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या, किमान २० हजार पगार ठरला, तरी मुली आखातात जायच्या थांबल्या का? आणि ताई, माणसं वाढवायचं ठरवतं कोण? मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख, पण तिच्या हातात ना भरती ना बजेट. ते ठरतं त्या मीटिंगला नर्स बसली पाहिजे, मी अधिकार म्हणते तो हाच.

इन्चार्ज_ताई: मीटिंगला जायला वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडू? रिकाम्या जागा भरा, मग मेट्रनच काय, मीही येऊन बसते.